नकाशावरचे वर्तुळ: चोरीच्या फोनचा माग काढणाऱ्या ‘फाइंड हब’चे परीक्षण

माझ्या धाकट्या बहिणीचा फोन गर्दीच्या बसमध्ये पिशवीतून चोरीला गेला, तेव्हा तिने एका सहप्रवाशाच्या फोनवरून मला कॉल केला आणि एवढेच सांगितले, "दादा, फोन गेला. माझं खातं उघड आणि तो कुठे आहे ते बघ." पुढचे दोन दिवस माझे लक्ष गुगलच्या ‘फाइंड हब’ या सेवेतील नकाशाकडे लागलेले होते आणि त्यानंतर काही महिने मी हीच सेवा माझ्या जुन्या व नव्या फोनवर, वेगवेगळ्या परिस्थितीत, पुन्हापुन्हा वापरून पाहिली. या परीक्षणात मी त्या सगळ्या वापराचा विचार केला आहे. मात्र माझा मुख्य भर नकाशावर दिसणाऱ्या वर्तुळाचा अर्थ समजून घेण्यावर आहे, कारण फोन नुकताच गेलेला असताना माणूस घाबरलेला असतो आणि त्या अवस्थेत वर्तुळाच्या मधला ठिपका त्याला चोराच्या घराचा दरवाजा वाटू लागतो.

प्रथम त्या दिवशी काय घडले ते सांगतो. ‘फाइंड हब’च्या अ‍ॅपमध्ये दुसऱ्याच्या फोनवरून पाहुणा म्हणून साइन इन करण्याची सोय आहे, त्यामुळे माझे स्वतःचे खाते बंद न करता मला बहिणीचे खाते उघडता येणार होते. परंतु तिने खात्याला दुहेरी पडताळणी लावलेली होती आणि ती पडताळणी जो फोन मागत होता, तो चोराच्या खिशात होता. सुरक्षेसाठी केलेली चांगली व्यवस्था अशा वेळी मालकालाच दाराबाहेर उभे करते. यावर गुगलने दिलेला उपाय म्हणजे बॅकअप कोड: प्रत्येकी ८ आकडी असे १० कोड एकदाच तयार करून कागदावर उतरवून ठेवायचे आणि प्रत्येक कोड एकदाच वापरायचा. बहिणीच्या टेबलाच्या खणात, जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर, तिच्या बारीक अक्षरात ते दहा कोड लिहिलेले होते आणि त्यांतील पहिले दोन खोडलेले होते. मी तिसरा टाकला आणि खाते उघडले. त्या पानाशिवाय बाकीचे सगळे तंत्रज्ञान त्या दुपारी आमच्या काहीही उपयोगाचे नव्हते, म्हणून ज्या वाचकाने असे कोड अजून काढून ठेवलेले नाहीत, त्याने पुढचा मजकूर वाचण्याआधी ते काम करावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

नकाशा उघडला तेव्हा फोन ११ मिनिटांपूर्वी दिसल्याची नोंद होती आणि ठिपक्याभोवती एक फिकट वर्तुळ होते, ज्यात एक गल्ली, पाच-सहा इमारती आणि एका मोकळ्या जागेचा कोपरा येत होता. मी लगेच फोन हरवल्याचे नोंदवून तो कुलूपबंद केला आणि पडद्यावर माझा क्रमांक व एक साधा निरोप दिसेल असे केले. मग बहीण घरी पोहोचली आणि तिने स्वाभाविकपणे विचारले की आपण आत्ताच तिथे जाऊया का. मी नको म्हणालो. त्या वेळी ते केवळ भीतीपोटी होते. त्यामागचे खरे कारण मला नंतर, हे तंत्रज्ञान नीट वाचल्यावर कळले.

फोन स्वतःचे ठिकाण मुख्यतः तीन मार्गांनी ठरवतो. उघड्या आकाशाखाली जीपीएससारख्या उपग्रह प्रणालीमुळे ते साधारण ५ मीटरपर्यंत अचूक मिळते, पण चोरलेला फोन सहसा पिशवीत, गाडीच्या डिकीत किंवा घराच्या आत असतो आणि तिथे उपग्रहांचे सिग्नल क्षीण होतात. मोबाइल मनोऱ्यांवरून काढलेले ठिकाण बरेच ढोबळ असते. उरतो तो मधला आणि शहरी वस्तीत सर्वांत उपयोगी मार्ग, तो म्हणजे वाय-फाय. प्रत्येक राउटर स्वतःचा ४८ बिटांचा ओळख क्रमांक सतत प्रसारित करत असतो. फोन त्या राउटरला जोडला जाण्याची गरज नसते आणि त्याचा पासवर्ड माहीत असण्याचीही गरज नसते. क्रमांक ऐकू आला की पुरे. आसपासच्या अशा दोन किंवा अधिक राउटरांचे क्रमांक आणि त्यांच्या सिग्नलची तीव्रता फोन गुगलच्या सर्व्हरकडे पाठवतो, तिथल्या प्रचंड नोंदवहीत ते क्रमांक कुठे कुठे ऐकू आले होते हे पाहिले जाते आणि उत्तरादाखल अक्षांश, रेखांश व मीटरमधील एक त्रिज्या परत येते. फोनचे वाय-फाय बंद असतानाही ठिकाण ठरवण्यासाठी राउटर ऐकत राहण्याची परवानगी अँड्रॉइडच्या लोकेशन सेटिंगमध्ये वेगळी देता येते. ती चालू ठेवावी.

ही नोंदवही एका दिवसात तयार झालेली नाही. २००३ मध्ये स्थापन झालेल्या स्कायहुक या अमेरिकी कंपनीने गाड्या रस्त्यारस्त्यांतून फिरवून राउटरांची ठिकाणे नोंदवण्यास सुरुवात केली आणि २००८ मध्ये, जीपीएस नसलेल्या पहिल्या आयफोनमध्ये, तिचीच पद्धत वापरात आली. पुढे गुगल आणि अ‍ॅपल यांनी स्वतःच्या नोंदवह्या उभारल्या आणि आता हे काम मुख्यतः आपल्या सर्वांच्या खिशातील फोन नकळत करत असतात. त्या इतिहासात एक काळी बाजूही आहे: रस्त्यांची छायाचित्रे घेणाऱ्या आपल्या गाड्यांनी पासवर्ड नसलेल्या वाय-फाय जाळ्यांवरील मजकूरही टिपला होता, हे गुगलने २०१० मध्ये मान्य केले. त्यानंतर कंपनीने, ज्याला आपला राउटर नोंदवहीत नको असेल त्याने जाळ्याच्या नावाच्या शेवटी अधोरेषा देऊन इंग्रजीत ‘नोमॅप’ लिहावे, अशी सोय केली. चोरीचा माग काढण्याची आपली सोय अनोळखी लोकांच्या राउटरांवर उभी आहे, हे लक्षात ठेवणे मला न्याय्य वाटते.

आता वर्तुळाकडे वळतो. अँड्रॉइडच्या तांत्रिक दस्तऐवजात ठिकाणाच्या अचूकतेची त्रिज्या ६८ टक्के खात्रीची मानली आहे. साध्या भाषेत सांगायचे तर, उपकरण त्या वर्तुळाच्या आत असण्याची शक्यता तीनांत सुमारे दोन आणि बाहेर असण्याची शक्यता तीनांत सुमारे एक. हे वाचले त्या रात्री मी बहिणीच्या फोनचे स्क्रीनशॉट पुन्हा उघडले. ठिपका एका विशिष्ट घराच्या छपरावर होता आणि दुपारी मी मनातल्या मनात त्या घराला दोषी ठरवून मोकळा झालो होतो. प्रत्यक्षात ते वर्तुळातील अनेक घरांपैकी एक होते आणि वर्तुळाबाहेरची घरेही निर्दोष ठरत नव्हती. शिवाय नकाशा सपाट असतो. उंच इमारतीत फोन कितव्या मजल्यावर आहे हे ठिपका सांगत नाही. आणखी एक चूक नोंदवहीतून येते: एखादे कुटुंब घर बदलताना राउटर सोबत घेऊन गेले आणि नोंद अजून सुधारलेली नसली, तर त्यांच्या नव्या घराजवळचा फोन जुन्या घरापाशी दाखवला जाऊ शकतो.

ही चूक केवढी महाग पडू शकते याचे उदाहरण अमेरिकेतील डेन्व्हर शहरात घडले. जानेवारी २०२२ मध्ये चोरीला गेलेल्या एका गाडीत आयफोन होता आणि मालकाने अ‍ॅपलच्या अशाच शोधसेवेत पाहिलेल्या ठिकाणावर विसंबून सशस्त्र पोलीस पथकाने ७७ वर्षांच्या एका महिलेच्या घरावर छापा घातला. नकाशावरचे वर्तुळ अनेक घरांवर पसरलेले होते. त्या घरात काहीही सापडले नाही, आणि २०२४ मध्ये ज्यूरीने त्या महिलेला ३७ लाख ६० हजार डॉलर भरपाई देण्याचा निर्णय दिला. तिथे सेवेने वर्तुळ दाखवलेच होते; पाहणाऱ्यांनी फक्त ठिपका पाहिला. प्रशिक्षित पथकाकडून असे होत असेल, तर संतापलेल्या फोनमालकाने आणि त्याच्या चार मित्रांनी एखाद्याच्या दारात जाऊन उभे राहणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको. चुकीच्या दारात गेलो तर निरपराध माणसाचा अपमान होतो आणि बरोबर दारात गेलो तर आपल्या जिवाला धोका असतो.

म्हणून आम्ही पोलिसांकडे गेलो. बरोबर प्रत्येक नोंदीचा स्क्रीनशॉट नेला, ज्यात वेळ आणि संपूर्ण वर्तुळ दिसत होते. तक्रार लिहून घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी नकाशापेक्षा आधी फोनचा आयएमईआय क्रमांक मागितला. प्रत्येक फोनचा वेगळा असलेला हा १५ आकडी ओळख क्रमांक खोक्यावर असतो, चालू फोनवर *#०६# दाबल्यास दिसतो आणि खोका टाकून दिलेला असला तरी ‘फाइंड हब’मध्ये उपकरणाच्या नावाशेजारील सेटिंगमध्येही मिळतो, आम्हाला तो तिथेच मिळाला. सेवेतील ही छोटीशी सोय फारशी कोणाला ठाऊक नसते, पण आमच्यासाठी ती नकाशाइतकीच मोलाची ठरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन एकदा आणखी दिसला, पहिल्या ठिकाणापासून बराच दूर, मोठ्या वर्तुळात. त्यानंतर तो कधीच दिसला नाही. तो परत मिळाला नाही, हे मला स्पष्ट लिहिले पाहिजे. मात्र कुलूप टिकले, बहिणीच्या खात्यांना कोणी हात लावू शकले नाही आणि तिची छायाचित्रे व कामाची कागदपत्रे तिच्यापाशीच राहिली.

फोन बंद असताना किंवा त्याला इंटरनेट नसताना काय, हा प्रश्न त्यामुळे माझ्या मनात राहिला आणि पुढची तपासणी मी त्याच दिशेने केली. ही सेवा २०१३ मध्ये ‘अँड्रॉइड डिव्हाइस मॅनेजर’ म्हणून सुरू झाली, तेव्हा ती इंटरनेट असलेल्या फोनपुरतीच मर्यादित होती. एप्रिल २०२४ पासून तिला नवे जाळे जोडले गेले आणि मे २०२५ मध्ये ‘फाइंड हब’ हे नाव मिळाले. त्या जाळ्याचे काम असे चालते: हरवलेले उपकरण ब्लूटूथवरून थोड्या अंतरापर्यंत एक सतत बदलणारी खूण पाठवत राहते, जवळून जाणारा कोणाचाही अँड्रॉइड फोन ती खूण ऐकतो, त्याला स्वतःचे ठिकाण जोडतो आणि ते कूटबद्ध करून गुगलकडे पाठवतो. ते ठिकाण उलगडण्याची किल्ली मालकाच्या पडदाकुलपाच्या पिनशी बांधलेली असते, त्यामुळे मध्ये बसलेल्या गुगललाही ते वाचता येत नाही. अँड्रॉइड ९ आणि त्यापुढील फोन या जाळ्यात भाग घेतात. गुगलच्याच पिक्सेल ८ आणि ८ प्रो यांसारख्या काही फोनांत तर बॅटरी संपल्यावरही ही खूण काही काळ चालू राहील अशी खास व्यवस्था आहे.

मी जुन्या फोनमधून सिम काढले, त्याला कोणतेही वाय-फाय जोडले नाही आणि तो आवाज बंद करून एका नातेवाइकांच्या घरी, वरच्या मजल्यावर, कपाटातील घडी केलेल्या चादरींमध्ये ठेवला. साधारण पाऊण तासाने नकाशावर तो दिसला. ज्याने ठिकाण कळवले तो फोन कोणाचा होता हे मला कळले नाही आणि कळू नये अशीच ही रचना आहे. मग मी त्याला वाय-फायशी जोडले आणि ध्वनी वाजवण्याची आज्ञा दिली. आवाज बंद ठेवलेला तो फोन चादरींच्या थरांतून इतक्या मोठ्याने वाजू लागला की दुसऱ्या खोलीतील माणसे उठून आली. आज्ञा दिल्यावर फोन ५ मिनिटे पूर्ण आवाजात वाजतो. चोरी झालेल्या फोनपेक्षा घरात किंवा कार्यालयात कुठेतरी राहिलेल्या फोनसाठी ही सोय अधिक उपयोगी आहे, कारण चोराला आवाज ऐकवणे म्हणजे त्याला फोन बंद करण्याची आठवण करून देणे.

या जाळ्यातील एका मूळ सेटिंगवर मात्र माझा ठाम आक्षेप आहे. ऑफलाइन उपकरणे शोधण्यासाठी चार पर्याय आहेत आणि आपण काहीच बदलले नाही तर ‘फक्त वर्दळीच्या जागी’ हा पर्याय लागू असतो. त्यात एकाच फोनने कळवलेले ठिकाण मालकाला दाखवले जात नाही; अनेक फोनांनी तीच खूण ऐकल्यावरच ते एकत्र करून दाखवले जाते. यामागील हेतू चांगला आहे, कारण एखाद्याच्या खासगी घराजवळचा एकटा फोन त्या घराचा पत्ता नकळत उघड करू नये अशी काळजी त्यात घेतलेली आहे. स्थानकावर किंवा बाजारात विसरलेल्या वस्तूसाठी हे पुरेसे आहे. परंतु चोरलेली वस्तू वर्दळीत राहत नाही, ती कोणाच्या तरी खोलीत जाते आणि नेमक्या त्याच जागी हा मूळ पर्याय गप्प बसतो. ‘सर्व ठिकाणी’ हा पर्याय निवडण्याची मुभा आहे, पण ती सेटिंगच्या आतल्या पानावर आहे. फोन पहिल्यांदा सुरू करतानाच दोन्ही पर्यायांचा अर्थ एका वाक्यात सांगून मालकाला निवड करू द्यावी, असे माझे मत आहे. माझी वरील तपासणी मी ‘सर्व ठिकाणी’ निवडूनच केली होती.

फोनमधील माहिती दुरून पुसण्याची आज्ञा हा शेवटचा उपाय समजावा. ती पूर्ण झाल्यावर फोन नकाशावर दिसणे बंद होते, म्हणजे पुसण्याचा निर्णय हा शोध सोडण्याचाही निर्णय असतो. ज्यात कामाची संवेदनशील माहिती आहे आणि पडदाकुलूप कमकुवत आहे, त्याने उशीर करू नये. पिन चांगला असेल तर आधी कुलूप लावून थांबणे बरे. २०२४ पासून अँड्रॉइड १० आणि पुढील फोनांत चोरीविरोधी कुलपेही आली आहेत. त्यांतील एक कुलूप हातातून फोन हिसकावून पळण्याची हालचाल ओळखून पडदा बंद करते, आणि ‘रिमोट लॉक’ केवळ फोन क्रमांक व एका साध्या पडताळणीवर, खात्याचा पासवर्ड न आठवताही, फोन दुरून बंद करू देते. ही कुलपे सेटिंगमधील चोरी संरक्षणाच्या पानावर आधीच चालू करावी लागतात. आम्ही ‘रिमोट लॉक’ चालू केलेले असते तर त्या दुपारी कोड शोधण्यात गेलेली मिनिटे वाचली असती.

कॅमेरा किंवा लॅपटॉपच्या पिशवीत ठेवण्याच्या, ठिकाण कळवणाऱ्या छोट्या टॅगांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. चिपोलो, पेबलबी आणि मोटोरोला यांचे टॅग याच जाळ्यावर चालतात आणि हरवलेल्या वस्तूंसाठी ते चांगले आहेत. चोरीच्या बाबतीत त्यांची मर्यादा मुद्दाम ठेवलेली आहे: कोणाचा छुपा पाठलाग होऊ नये म्हणून अनोळखी टॅग सोबत फिरत असल्याचा इशारा मे २०२४ पासून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर मिळतो, आणि तो इशारा चोरालाही मिळतो. पाठलागाला बळी पडणाऱ्या माणसाची सुरक्षितता माझ्या कॅमेऱ्यापेक्षा मोठी आहे, म्हणून हा निर्णय मला पूर्णपणे मान्य आहे.

लॅपटॉपच्या बाबतीत मात्र ‘फाइंड हब’ फारसे कामाचे नाही. विंडोजची स्वतःची शोधसोय लॅपटॉप चालू आणि इंटरनेटला जोडलेला असेल तेव्हाच ठिकाण कळवते. लॅपटॉपसाठी निराळ्या वाटेने एक प्रयत्न झाला होता, त्याची आठवण मला येथे होते. २०१५ मध्ये आयोवा सिटी या अमेरिकी शहरातील एका पोलीस अधिकाऱ्याने ‘एल८एनटी’ नावाची प्रणाली तयार केली होती. पोलीस गाडीत बसवलेला छोटा अँटेना आसपासच्या वाय-फाय उपकरणांचे मॅक पत्ते, म्हणजे राउटरसारखेच त्यांचे ओळख क्रमांक, ऐकतो, त्यांची तुलना चोरीच्या वस्तूंच्या यादीशी करतो आणि जुळणी झाली की दिशा दाखवणाऱ्या अँटेनाने घरापर्यंत माग काढता येतो, अशी ती कल्पना. येथे शोध नकाशावरच्या वर्तुळापाशी थांबत नाही. सिग्नल जिथून येतो तिथपर्यंत चालत जाता येते, म्हणून मला ती कल्पना आवडते. तिची अडचण अशी की बहुतेक लोकांनी आपल्या उपकरणाचा मॅक पत्ता कधी लिहून ठेवलेलाच नसतो, आणि अँड्रॉइड १० व आयफोनच्या आयओएस १४ पासून फोन वाय-फायला जोडताना खऱ्याऐवजी बनावट मॅक पत्ता वापरतात. बऱ्याच लॅपटॉपांत मात्र अजूनही खरा पत्ताच प्रसारित होतो, त्यामुळे तो आयएमईआयशेजारी लिहून ठेवण्यात तोटा नाही.

बहिणीने नवा फोन घेतला तेव्हा आम्ही दोघांनी बसून त्यात ‘सर्व ठिकाणी’चा पर्याय निवडला, राउटर ऐकण्याची परवानगी चालू केली, ‘रिमोट लॉक’ तपासले आणि नवे दहा बॅकअप कोड काढले. या वेळी त्यांच्या दोन प्रती केल्या. एक तिच्या वहीत आहे आणि दुसरी माझ्याकडे. तिच्या खाली तिने स्वतःच्या हाताने आयएमईआय क्रमांकही लिहून दिला आहे.